वादळाच्या झडपा: घर समुद्राकाठी, मालक नाशकात

प्रश्न: दादा, मी निवृत्त शिक्षिका. आम्ही इंदिरानगरला राहतो. यजमानांचं वडिलोपार्जित घर श्रीवर्धन तालुक्यात आहे, समुद्रापासून दोनशे पावलांवर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, खाली सात आणि माडीवर दोन खिडक्या. ‘निसर्ग’ वादळात समुद्राकडच्या चार खिडक्या फुटल्या आणि घरभर पाणी झालं. लेक फ्लोरिडात असते. तिच्या शेजारच्या घरांना खिडकीच्या दोन्ही अंगांना आडव्या पट्ट्यांच्या झडपा आहेत. वादळ येणार असलं की त्या मिटून घेतात. त्यांना तिकडे कलोनियल शटर म्हणतात. फोटो सोबत पाठवते आहे. तशा झडपा आपल्याकडे होतील का? लाकडाच्या कराव्यात की अ‍ॅल्युमिनियमच्या? नाशिकला करून न्याव्यात की तिकडचाच सुतार बघावा? घराकडे सध्या शेजारचे काका लक्ष देतात, ते पासष्टीचे आहेत.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: ताई, फोटो नीट पाहिले. या झडपा आपल्याला नव्या नाहीत. जुन्या बंगल्यांना आणि रेल्वेच्या क्वार्टरना असायच्या त्या झिलमिलीच्या खिडक्यांचीच ही भावंडं. करता येतील आणि चांगल्या करता येतील. पण लाकूड की अ‍ॅल्युमिनियम याच्या आधी मला तुमच्याकडून एक उत्तर हवं आहे. नऊ खिडक्यांच्या अठरा झडपा होतात. वादळ येईल त्या दिवशी त्या ओढून कोण घेणार?

हे मी का विचारतो ते सांगतो. २०१६ साली दिवेआगरकडच्या एका घराला मी सागवानी झडपा करून दिल्या होत्या. मालक नाशिकचेच. काम मनासारखं झालं होतं. ३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ त्याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. १ जूनला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, २ तारखेला त्याचं चक्रीवादळ झालं आणि ३ तारखेला ते दारात उभं. मध्ये दोनच दिवस, त्यात लॉकडाऊन आणि जिल्हा ओलांडायला ई-पास. मालकांना निघता आलं नाही, शेजारी आपापली कौलं वाचवण्यात गुंतलेले. जुलैअखेर मी तिथे पोचलो तेव्हा समुद्राकडच्या दोन झडपा बिजागऱ्यांसकट उपटून वाडीत पडलेल्या होत्या आणि आतल्या काचा फुटलेल्या होत्या. झडपा उघड्या होत्या, भिंतीवर कडीत अडकवलेल्या. ज्या दिवसासाठी मी त्या केल्या, त्याच दिवशी त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी माप घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत लाकूड कापत नाही.

उघडी राहिलेली झडप वाऱ्यात स्वतःच एक उडती फळी होते. आणि खिडकी फुटण्याचं खरं नुकसान काचेपुरतं नसतं. समुद्राकडची खिडकी फुटली की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलतो. त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा त्याला वर ओढत असतो. दोन्ही जोर एकत्र आले की कौलं आणि वासे टिकत नाहीत. म्हणून तुमच्या घराचा खर्च मी दोन भागांत मांडीन. आधी वासे भिंतीवरच्या आडव्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या, मग झडपा. पैसे एकाच कामाला पुरत असतील तर छपराचं काम करा. माझा धंदा झडपांचा आहे, तरीही मी हेच सांगेन.

आता वाऱ्याचा जोर. इमारतींवरच्या भाराच्या आयएस ८७५ या आपल्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, मुंबईसाठी ४४. तुमच्या घराला मी ४४ च धरतो. वेग मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा, म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४४ ला तो सुमारे ११६० येतो, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलो. चार बाय चार फुटांच्या एका खिडकीवर पावणेदोनशे किलो. दोन-तीन माणसं एकदम झडपेवर पाठ टेकून उभी राहावीत, तसं. आणि वारा नुसता ढकलत नाही, घराच्या आडोशाच्या बाजूला तो झडपा बाहेर ओढतो. ढकलणाऱ्या वाऱ्याला चौकट पुरते. ओढणाऱ्या वाऱ्याला फक्त बिजागऱ्या, कड्या आणि अडसर तोंड देतात. झडपा उपटतात त्या बहुतेक याच ओढीने.

लेकीच्या शेजारी जे दिसतं त्यातही दोन जाती आहेत, हे तिला विचारून घ्या. कितीतरी घरांवरच्या झडपा भिंतीला कायमच्या ठोकलेल्या, नुसत्या शोभेच्या असतात. १९९२ च्या ऑगस्टमधल्या अँड्र्यू वादळानंतर दक्षिण फ्लोरिडात बांधकामाचे नियम कडक झाले. तिथे वादळाची म्हणून विकल्या जाणाऱ्या झडपेवर सुमारे चार किलोची, दोन बाय चार इंची लाकडी फळी ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने मारून बघतात. मग हजाराहून जास्त वेळा आत-बाहेर दाब देतात. या परीक्षेला उतरणाऱ्या कलोनियल झडपेच्या मागे बहुतेकदा पॉलिकार्बोनेटचा (कडक प्लास्टिकचा) किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अखंड पत्रा असतो आणि मिटल्यावर दोन्ही झडपांवरून आडवा दांडा टाकतात. आपल्या वाड्यांच्या दारामागे असायचा तो अडसरच. मी करून देतो त्या झडपेची अशी चाचणी झालेली नसते, हे आधीच सांगतो. तिचं गणित मी करतो, पण तिला प्रमाणपत्र नाही.

तुमच्या दृष्टीने या मागच्या पत्र्याची एक अडचण आहे. तुमचं घर जून ते सप्टेंबर बंद असणार. नुसत्या पट्ट्यांची झडप मिटलेली असली तरी घर श्वास घेतं, गाद्यांना बुरशी कमी लागते. मागे अखंड पत्रा लावला की ते थांबतं. म्हणून मी सुचवतो की खालच्या सातही खिडक्यांना स्थिर पट्ट्यांच्या झडपा करा आणि पत्रा वेगळा ठेवा, आतून फुलपाखरी नटांनी लागणारा. मेअखेरीस झडपा मिटून घ्यायच्या आणि त्या पावसाळाभर मिटलेल्याच. वादळाचा इशारा आला की काकांनी फक्त पत्रे लावायचे, तेही घरात उभं राहून. पासष्टीच्या माणसाला वाऱ्यात अंगणात फिरायला लावणारी व्यवस्था मला मान्य नाही.

पट्ट्या हलणाऱ्या नकोत. मधल्या उभ्या दांडीने उघडझाप होणारी झिलमिली दिसायला फार सुंदर, माझी स्वतःची आवडती, पण प्रत्येक पट्टी दोन बारीक खिळ्यांवर फिरते. वादळासाठी पट्टी दोन्ही टोकांना खाचेत पक्की बसलेली हवी. जाडी किमान १२ मिलिमीटर, लांबी दीड फुटाच्या आत, उतार बाहेरच्या बाजूला आणि एकीवर दुसरी इतकी चढलेली की समोरून आरपार दिसू नये. झडपेच्या चौकटीचे सांधे कुसू घालून (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून) आणि लाकडी खुंटी मारून करायचे. नुसत्या स्क्रूवर आणि गोंदावर सोडायचे नाहीत.

लाकूड म्हणाल तर सागवान, गाभ्याचं. सालीकडचं पांढरं लाकूड एकही इंच चालवू नका. अ‍ॅल्युमिनियमही वाईट नाही. ते हलकं आहे, त्याला वाळवी लागत नाही, रंगाचा त्रास कमी. अंबड-सातपूरला चांगले फॅब्रिकेटर आहेत. पण सेक्शन, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्ट्या, जाड घ्या, आणि स्टीलचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमवर बसू देऊ नका. खाऱ्या हवेत या दोन धातूंचं पटत नाही, स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. मध्ये नायलॉनचा वॉशर लागतोच. बिजागऱ्या, बोल्ट, कड्या सगळं एसएस ३१६ या जातीच्या स्टेनलेस स्टीलचं. ३०४ स्वस्त पडतं आणि नाशकात ते जन्मभर टिकेल, पण समुद्राच्या दोनशे पावलांवर त्याला तांबडे डाग पडतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. सागाची दोन फूट बाय चार फुटांची झडप दहा-बारा किलोची होते, तेव्हा प्रत्येकीला तीन बिजागऱ्या.

आता नाशिकला करून न्याव्यात का. न्या, पण माझी चूक तुम्ही करू नका. त्याच दिवेआगरच्या कामात मी एप्रिलमध्ये पेठ रोडच्या माझ्या कारखान्यात झडपा अगदी घट्ट मापाच्या केल्या. आपल्याकडे एप्रिलची हवा इतकी कोरडी, की माझ्या मीटरवर लाकडातली ओल आठ टक्क्यांच्या आसपास येते. तेच लाकूड कोकणात श्रावणापर्यंत सोळा टक्क्यांना पोचतं. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत फुगतं. झडपेच्या चौकटीची चार इंची उभी पट्टी दीड मिलिमीटरने फुगते, आणि दोन झडपांच्या मिळून अशा चार पट्ट्या एका खिडकीत येतात. झाले सहा मिलिमीटर. जुलैत झडपा मिटेनात, आणि मालकांनी तिकडचा सुतार बोलावून रंधा मारून घेतला. रंधा मारलेल्या कडेचा रंग गेला आणि तिथूनच पाणी आत शिरलं. म्हणून आता मी झडपा थोड्या रुंद ठेवून तयार करतो, तीन आठवडे त्या जागेवरच सावलीत उभ्या करून ठेवायला सांगतो आणि शेवटचा रंधा आणि रंग तिथे जाऊन करतो. एका खिडकीत सहा ते आठ मिलिमीटर फट सोडतो. उन्हाळ्यात ती मोठी दिसते, तेव्हा लोक नाराज होतात. होऊ द्या.

सगळ्यात नाजूक काम भिंतीचं, आणि ते कुणी धड करत नाही. चिरा म्हणजे जांभा. तो सच्छिद्र आणि ठिसूळ. काँक्रीटमध्ये ठोकतो तसा फुगणारा फास्टनर त्यात ठोकला की भोक भुगा होऊन मोठं होतं. बसवताना घट्ट वाटतो आणि वर्षभरात हाताने हलतो. प्लास्टिकच्या गट्ट्या तर विचारूच नका. बिजागरी जिथे येणार तिथे चिऱ्यात साधारण नऊ इंचांचा कोनाडा कापायचा, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, पंधरा दिवस पाणी मारायचं आणि मग त्यात केमिकल अँकरने, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून, बोल्ट बसवायचा. तेवढी तोडफोड नको असेल तर १२ मिलिमीटरची आट्याची सळई भिंतीतून आरपार काढून आतल्या बाजूला चार इंची चौरस पत्रा लावून नट आवळायचा. आत पत्रा दिसतो, पण माझा विश्वास यावर जास्त आहे. अडसराचे दोन्ही कोयंडेही असेच धरायचे.

मापं घेताना खिडकीची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्या, उंची तीनदा घ्या, दोन्ही कर्ण मोजा. जुन्या चिऱ्याच्या घरात एकही खिडकी काटकोनात नसते. प्रत्येक झडप फक्त तिच्याच खिडकीला बसेल, म्हणून वरच्या कडेवर रंगाने आकडा घाला. चार फुटी खिडकीला दोन्ही अंगांना दोन-दोन फूट मोकळी भिंत लागते. तिथे पन्हळीचा पाइप किंवा विजेचं मीटर आडवं येतंय का, ते काकांना फोटो काढून पाठवायला सांगा.

आणि गज. फ्लोरिडाच्या खिडकीला गज नसतात, आपल्या असतात. काचेची झडप बाहेर उघडणारी असेल तर ती आणि वादळाची झडप एकमेकींना आपटतील, तेव्हा काचा आत उघडणाऱ्या किंवा सरकत्या करून घ्याव्या लागतील. मग गजांतून हात घालून बाहेरची झडप ओढता येते का ते बघायचं. पाच इंचांची फट असली तर टोकाला आकडा असलेल्या काठीने ओढता येते. नसेल तर तेवढ्या चौकोनात गज कापून आत कुलुपाची छोटी खिडकी करा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. घरात माणूस असताना निदान एक दार आणि एक खिडकी आतून, किल्लीशिवाय उघडता आली पाहिजे.

माडीच्या दोन खिडक्यांना मी कलोनियल झडपा करणार नाही, तुम्ही आग्रह केलात तरी. बाहेरून मिटायला शिडी लागते, आतून मिटायला वाकावं लागतं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळती झडप घ्या, आतून हँडलने फिरवायची. मोटरवर विसंबू नका. ‘निसर्ग’नंतर तिकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. दिसायला खालच्या झडपांशी जुळणार नाही, हे मला कळतं.

हवामान खात्याचे इशारे टप्प्याटप्प्याने येतात. पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, मग ४८ तास आधी सतर्कतेचा, २४ तास आधी धोक्याचा. काकांशी आत्ताच ठरवून ठेवा की ४८ तासांचा इशारा आला की पत्रे लागले पाहिजेत, तुमच्या फोनची वाट बघायची नाही. काका नसतील तर दुसरं कोण, तेही नाव आत्ताच ठरवा. आणि मे महिन्यात एकदा स्वतः जाऊन घड्याळ लावून सगळं मिटून बघा. एका खिडकीला पाच मिनिटांच्या वर लागत असतील तर कुठेतरी अडतंय. मला कळवा, मी येईन.

प्रश्न: वादळाआधी काचेवर चिकटपट्टीची फुली मारतात. त्याने काच वाचते का?
— एक वाचक, दिंडोरी रोड

उत्तर: नाही. काच तितकीच कमजोर राहते. उलट फुटल्यावर मोठे धारदार तुकडे एकत्र चिकटून येतात आणि पट्टी लावली म्हणून माणसं खिडकीजवळ निर्धास्त बसतात. तो वेळ अंगणातल्या कुंड्या आणि सुटे पत्रे आत आणण्यात घालवा.

प्रश्न: आमचं गुहागरकडे छोटं घर आहे. सागवानी झडपांचं बजेट नाही. प्लायवूड चालेल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर: चालेल, काका, आणि मी ते कमी दर्जाचं मानत नाही. १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या. प्रत्येक खिडकीचा तुकडा चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त कापा, भोकं आत्ताच पाडा, त्यावर आकडा आणि ‘वर’ असं लिहा. भिंतीत बोल्ट आधी बसवलेले हवेत, वर मी चिऱ्याबद्दल लिहिलं तसेच. कडांना रंगाचे दोन हात द्या, प्लायला पाणी कडेतूनच लागतं. मोठा तुकडा वाऱ्यात एकट्याला धरवत नाही, तो पतंगासारखा ओढतो. म्हणून मोठ्या खिडकीला दोन तुकडे करा. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात प्लाय मिळत नाही आणि मिळाला तरी कापायला वीज नसते.

प्रश्न: गंगापूर रोडला आमचा आठव्या मजल्यावर फ्लॅट आहे. पश्चिमेच्या खिडक्यांना अशा झडपा लावाव्यात का? मे महिन्यात ऊन सोसवत नाही, आणि वळवाचा वाराही जोराचा असतो.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: बाहेरून लावू नका. आठव्या मजल्यावरून दहा किलोची झडप सुटली तर खाली कुणाचा तरी जीव जाईल. ‘निसर्ग’चा जोर नाशिकला पोचेपर्यंत ओसरला होता, आणि वळवाच्या वाऱ्याला तुमची सरकती खिडकी, तिची रबरं आणि रुळ नीट असतील तर पुरते. उन्हासाठी आतून पट्ट्यांची झडप करता येईल. बाहेर अडवलेल्या उन्हाइतका गारवा ती देणार नाही, पण दुपारी डोळ्यांवर येणारी तिरीप नक्की थांबेल.

प्रश्न: मागच्या वर्षी तुमच्या सल्ल्याने रत्नागिरीच्या घराला झडपा केल्या. देखभाल काय ठेवू?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर: पावसाळा संपला की प्रत्येक झडप गोड्या पाण्याने धुवा, पट्ट्यांच्या खाचांत साचलेलं मीठ मऊ ब्रशने काढा आणि वाळल्यावर बिजागऱ्यांना तेल द्या. रंगाला कुठे केसाएवढी भेग दिसली तर तिथेच घासून हात मारा, दिवाळीपर्यंत थांबू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरही वादळाचे महिने आहेत. ‘फयान’ २००९ च्या नोव्हेंबरात आलं होतं. नट दर मे महिन्यात एकदा आवळून बघा. एखादा पुन्हापुन्हा ढिला होत असेल तर चिरा सुटतोय असं समजा आणि मला फोटो पाठवा. अडसर आणि पत्रे माळ्यावर टाकू नका, ज्या त्या खिडकीखाली उभे ठेवा. आणि नटांच्या मापाचा पाना स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगून ठेवा, शेजाऱ्यांना माहीत असेल अशा जागी.